झेनिटची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालेल का?

प्रश्न : आमचे काका बोटीवर नोकरीला होते. त्यांनी ओडेसा बंदरात घेतलेला झेनिट कॅमेरा आता माझ्याकडे आला आहे. त्यावर ‘हेलिओस 44-2’ नावाची 58 मिमीची लेन्स आहे. तिने माणसांचे फोटो फार सुंदर येतात, मागची पानं गोल फिरल्यासारखी दिसतात, असं ऐकलं. माझा कॅमेरा सोनीचा मिररलेस, लहान सेन्सरचा (एपीएस-सी). दुकानदार म्हणतो, ‘जुनी लेन्स लावू नका, सेन्सर जळेल.’ शिवाय लेन्सच्या आत थोडी बुरशीही दिसते. काय करावं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लेन्स बसेल का, बसली तर कॅमेऱ्याला धोका आहे का, आणि बुरशीचं काय, असे मुख्य प्रश्न तीन. पहिले दोन पटकन सुटतात. तिसरा रत्नागिरीत राहणाऱ्याला आयुष्यभर पुरतो.

आधी सेन्सर जळण्याचं बघू. हेलिओसमध्ये सहा काचा, एक धातूची नळी आणि आठ पात्यांचं अ‍ॅपर्चर, एवढाच ऐवज. मोटर नाही, चिप नाही, विजेचा संबंधच नाही. मग शॉर्ट व्हायचं कशामुळे? दुकानदाराच्या बोलण्यात एक कण मात्र खरा आहे. मिररलेसमध्ये सेन्सरपुढे आरसा नसतो. मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स लावून, झाकण न घालता कॅमेरा भाट्याच्या किनाऱ्यावर सूर्याकडे तोंड करून ठेवलात, तर एकवटलेलं ऊन आतला शटरचा पडदा किंवा सेन्सर खरंच पोळवू शकतं. पण हे आजच्या महागड्या लेन्सनेही होतं. त्यात जुनेपणाचा दोष नाही.

आता बसण्याचं. प्रत्येक लेन्स सेन्सरपासून (पूर्वी फिल्मपासून) ठरावीक अंतरावर असेल, तरच दूरचं दृश्य स्पष्ट येतं. झेनिटच्या एम-42 पद्धतीत, म्हणजे 42 मिमी व्यासाच्या आट्यांच्या लेन्समध्ये, हे अंतर 45.46 मिमी आहे. त्या जागेत तेव्हा आरसा हलायचा. सोनीच्या मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने हे अंतर अवघं 18 मिमी ठेवलेलं आहे. उरले 27.46 मिमी. तेवढ्याच जाडीचं धातूचं कडं म्हणजे अ‍ॅडॉप्टर. त्यात काच नसते, काहीशे रुपयांपासून मिळतं. एका बाजूने लेन्स आट्यांवर फिरवायची, दुसरी बाजू कॅमेऱ्यात अडकवायची.

याच हिशेबाने कळेल की मित्राच्या निकॉन डीएसएलआरवर ही लेन्स का रुसते. तिथे मूळ अंतरच 46.5 मिमी, म्हणजे लेन्सला हवं त्याहून जास्त. बिनकाचेच्या कड्याने समोर बसलेल्या माणसाचा फोटो येईल, पण लांबचा डोंगर धूसरच राहील. कॅननच्या डीएसएलआरला 44 मिमी लागतात, म्हणून तिथे पातळ कडं चालतं. फक्त फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचं) मॉडेल असेल, तर आरसा लेन्सच्या मागच्या टोकाला घासत नाही ना ते पाहावं. धोका म्हणायचा तर हा आहे, आणि दुसरा जुन्या निकॉन लेन्सचा : 1977 पूर्वीच्या, न बदललेल्या लेन्स काही निकॉन कॅमेऱ्यांवर जोर करून बसवल्या, तर तिथली बारीक पट्टी मोडू शकते. मिररलेसवाल्यांना या दोन्हींची काळजी नाही.

लेन्स लावल्यावर पहिल्यांदा बहुतेकांचा कॅमेरा फोटोच काढत नाही, आणि मग ‘जुनी लेन्स चालत नाही’ असा निकाल लागतो. कॅमेऱ्याला लेन्स लावल्याचं कळतच नसतं, एवढंच. मेनूत ‘लेन्स नसतानाही शटर चालू’ असा पर्याय असतो, तो सुरू करा. मोड ‘ए’ ठेवा. अ‍ॅपर्चर तुम्ही लेन्सवर फिरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवेल. 44-2 वर अ‍ॅपर्चरची दोन कडी आहेत. एकावर आकडा ठरवायचा, दुसऱ्याने त्या आकड्यापर्यंत मिटायचं-उघडायचं. कॅमेऱ्यात स्थिरीकरण असेल, तर तिथे 58 हाच आकडा भरा, 87 नव्हे.

हा 87 कुठून आला? लहान सेन्सर चित्राचा मधलाच भाग उचलतो. त्यामुळे 58 मिमीच्या लेन्समधून फुल-फ्रेमवर 87 मिमीची लेन्स दाखवेल तेवढीच चौकट दिसते. लेन्स काही लांब होत नाही. पण चेहऱ्याच्या फोटोला ही चौकट सोयीची, कारण ती भरायला तुम्हाला दोन पावलं मागे राहावं लागतं. नाक मोठं आणि कान लहान दिसणं हा जवळ जाण्याचा परिणाम असतो, लेन्सचा नव्हे.

याच लहान सेन्सरमुळे एक निराशाही पदरी येईल. हेलिओसची रचना जर्मनीच्या झाइस कंपनीच्या ‘बायोटार’वरून घेतलेली. तिच्यात कडेने तिरकी येणारी किरणं नळीच्या काठाला कापली जातात, म्हणून मागचे प्रकाशाचे ठिपके मध्यभागी गोल आणि कडेला बदामी होतात. ते मध्याभोवती वर्तुळात मांडल्यासारखे दिसले, की पार्श्वभूमी फिरल्याचा भास होतो. सगळी गंमत कडेला, आणि तुमचा सेन्सर नेमकी कडच टाकून देतो. थोडा परिणाम तरी हवा असेल, तर माणसामागे चार-पाच मीटरवर पानांतून झिरपणारे कवडसे हवेत. आंब्याची बाग उत्तम, मोकळं आभाळ निरुपयोगी.

फोकस हातानेच करायचा. एफ-2 वर, सव्वा मीटरवरच्या चेहऱ्यात जेमतेम साडेतीन सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. डोळा धरला तर कान गेला. म्हणून पडद्यावर चित्र मोठं करून जवळच्या डोळ्याची पापणी धरा. कडा रंगवून दाखवणारं ‘फोकस पीकिंग’ एफ-2 वर थोडं फसवतं, कारण आसपासचंही रंगवून मोकळं होतं. एफ-4 वर चुका निम्म्याने कमी होतात. मला स्वतःला ही लेन्स एफ-2.8 वरच आवडते. फिरक्या कमी, चेहरा जास्त.

राहिली बुरशी. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. नुसते ठिपके दिसले तर धूळ, तिने फोटोत काही फरक पडत नाही. एकसारखा दुधी थर म्हणजे तेलाची वाफ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या शाखा फुटलेल्या दिसल्या तर ती बुरशी. कडेला थोडी असेल तर सावलीतल्या फोटोत जाणवणारही नाही. उजेड समोरून आला की चित्र फिकट पडेल. वेळीच साफ केली तर जाते. फार दिवस राहिली, तर काचेवरचा लेप खाते आणि मग पुसूनही खूण उरते.

ती दुसऱ्या लेन्सना ‘लागते’ ही भीती अर्धवट खरी. तिचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना ओलावा मिळतो की नाही, यावर सारं अवलंबून. जुलैत आपल्याकडे हवेतला ओलावा ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असतो, आणि काकांची ती चामड्याची पेटी तो धरून ठेवते. ती आठवण म्हणून जपा, पण लेन्स तिच्यात ठेवू नका. तांदळाच्या डब्यातही नको. त्याचा भुगा आट्यांत जातो. उन्हात वाळवण्याचा उपाय तर दुहेरी चुकीचा. उष्णतेने आतलं वंगण पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर येतं, आणि भिंगातून गेलेलं ऊन खालचं कापड पेटवू शकतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, एवढं पुरे. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवा. त्याहून फार कोरडंही नको. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतं. लेन्स अधूनमधून वापरत राहा, पण पावसातून आणल्यावर लगेच डब्यात कोंबू नका.

साफसफाई मुंबईच्या फोर्टात, बोरा बाजाराच्या बाजूला करून घेता येईल, पण आधी मजुरी विचारा. हेलिओस लाखोंनी बनल्या, दुर्मीळ नाहीत. कधीकधी दुसरी लेन्स मजुरीपेक्षा स्वस्त पडते. काकांचीच हवी असेल, तर तो हिशेब वेगळा.

जाता जाता : हे वाचून कुणी घरातल्या ‘क्लिक थ्री’ची किंवा आखातातून आलेल्या याशिका इलेक्ट्रो 35 ची लेन्स काढायला स्क्रू-ड्रायव्हर घेईल, म्हणून सांगतो. त्या कॅमेऱ्यांची लेन्स अंगातच बसवलेली असते, तिला अ‍ॅडॉप्टर नाही. याशिका चालू असेल तर तिच्यात 35 मिमीचा रोल घाला. तो अजून मिळतो.