आधी पडदा पाहावा

कानाच्या दुखण्याकडे आपल्या घरांतून जितक्या निश्चिंतपणे पाहिले जाते तितके दुसऱ्या कोणत्याही इंद्रियाच्या दुखण्याकडे क्वचितच पाहिले जात असेल. डोळा लाल झाला की माणसे धास्तावतात; कान ठणकू लागला तर कोणी कोमट तेल सुचवतो, कोणी लसणीची पाकळी, आणि कोणी फडताळात मागल्या पावसाळ्यापासून पडून राहिलेली थेंबांची अर्धी बाटली काढून देतो. तेल आणि लसूण कानात घालू नये, एवढे सांगून तो विषय संपतो. परंतु ही बाटली डॉक्टरांनीच कोणासाठी तरी लिहून दिलेली असल्यामुळे तिच्यावर सहज विश्वास बसतो, आणि म्हणूनच तिच्याविषयी लिहिणे मला अगत्याचे वाटते.

माझी थोरली बहीण रत्नागिरीस असते. कोकणातल्या दमट हवेत कानाच्या नळीची त्वचा ओलसर राहून जंतूंना आणि बुरशीला आयता आश्रय मिळतो. एका आषाढात आक्काचा कान असाच वाहू लागला. शेजारच्या घरी कोणाला थेंबांनी गुण आला होता, त्यांनी आपुलकीने दिलेली बाटली तिने तितक्याच आपुलकीने घेतली आणि नेमाने थेंब घालण्याचा क्रम चालू ठेवला. लहानपणी तोच कान फुटला होता व पडद्यास छिद्र राहून गेले होते, ही गोष्ट तिच्या स्मरणातून पार गेली होती. काही दिवसांनी तिला उठताक्षणी घेरी येऊ लागली, कानात रातकिड्यांसारखा अखंड नाद सुरू झाला, आणि त्या बाजूने बोललेले तिला उमगेनासे झाले. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने कान पाहिला, बाटलीवरचे नाव वाचले, आणि ते काही वेळ बोललेच नाहीत. बाटलीवर जेंटामायसिन लिहिलेले होते.

त्यांनी नंतर जे समजावले ते प्रत्येक घरात ठाऊक असावे. पडदा अखंड असतो तोवर थेंब सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीच्या बाहेरच्या नळीतच राहतात. छिद्र असले म्हणजे ते मध्यकर्णात उतरतात आणि तेथून आंतरकर्णात पाझरू शकतात. जेंटामायसिन, नियोमायसिन या कुळातील औषधे तेथे पोचली तर श्रवणाचे व शरीराचा तोल राखण्याचे काम करणाऱ्या सूक्ष्म केसाळ पेशींचा नाश करू शकतात, आणि मनुष्याच्या कानात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत. छिद्र असताना सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनसारखी औषधे देता येतात. मात्र ती निवड कान तपासणाऱ्यानेच करावयाची. शिवाय दुखणे बुरशीचे असेल तर जंतुनाशक थेंबांनी ते उलट बळावते, आणि बाहेरून दोन्ही दुखणी सारखीच भासतात. आक्काची घेरी पुढे ओसरली. त्या कानाचे गेलेले श्रवण परत आले नाही.

योग्य औषध हाती आल्यावरही ते घालण्याची रीत आहे. बाटली काही मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी, कारण थंड थेंबांनी आंतरकर्णातील तोलेंद्रिय चाळवते आणि चक्कर येते. पाण्याने कान धुताना रुग्णांना येणाऱ्या याच चकरेचा मागोवा घेत व्हिएन्नाचे रॉबर्ट बाराणी यांनी जे संशोधन केले, त्याला १९१४ सालचे नोबेल पारितोषिक लाभले. दुखरा कान वर करून कुशीवर निजावे. मोठ्या माणसाचा बाहेरचा कान वर व मागे, तर तीन वर्षांखालील बालकाचा खाली व मागे हलकेच ओढावा, म्हणजे नळी सरळ होते. सांगितले असतील तितकेच थेंब घालून पाच मिनिटे तसेच पडून राहावे. बाटलीचे तोंड कानास लागू देऊ नये. ठणका थांबला म्हणून औषध मुदतीआधी बंद करू नये. स्नानाच्या वेळी व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानात ठेवावा, आणि काडीने कान कोरण्यास घरात सक्त मज्जाव असावा. कानाचे थेंब चुकूनही डोळ्यांत जाऊ नयेत, यास्तव दोन्ही बाटल्या निराळ्या ठेवण्याचा बंदोबस्त करावा. छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते; उघडलेली बाटली साधारणतः चार आठवड्यांनी टाकून द्यावी.

कानामागे सूज आली, चेहरा एका बाजूस ओढला गेला, घेरी आली किंवा ऐकू येणे कमी झाले, तर थेंब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. मधुमेही माणसाचा कान रात्री झोप न येण्याइतका ठणकत असेल तर सकाळची वाटही पाहू नये, कारण अशा रुग्णांत हा विकार हाडापर्यंत पसरू शकतो.

आपल्या घरात कोणाचा कान कधीकाळी फुटला असेल, तर वडीलधाऱ्यांना विचारून त्याची नोंद औषधांच्या कागदपत्रांत आजच करून ठेवा, डॉक्टरांना ती गोष्ट सर्वांत आधी सांगा, आणि कान न पाहताच कोणी थेंब लिहून देऊ लागले तर, ‘आधी पडदा पाहता का?’ असे विचारण्यास कृपा करून संकोचू नका.