कॅमेरा पाण्यात पडला? ‘चालू होतोय का’ बघायला जाऊ नका



कमी भांडवलात फोटोग्राफीचा व्यवसाय कसा सुरू करायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आज त्याच धंद्यातल्या एका वाईट दिवसाबद्दल बोलू. हा दिवस येतोच, फक्त कधी येईल ते सांगून येत नाही.

जुलै महिना. आमच्या बॅचमधल्या एका मुलाचा फोन आला. लोणावळ्याजवळ प्री-वेडिंग शूट चालू होतं. ओल्या खडकावरून ट्रायपॉड सरकला आणि कॅमेरा थेट ओढ्यात. त्याने लगेच बाहेर काढला होता.

“सर, आता काय करू?”

“बॅटरी काढलीस का?”

“नाही सर. चालू होतोय का ते दोन-तीनदा बघितलं. आधी स्क्रीन लागली, आता काहीच होत नाही.”

इथेच घात झाला. नुसत्या पाण्याने कॅमेरा लगेच मरत नाही. आत पाणी असताना वीज खेळली की शॉर्ट सर्किट होतं आणि बोर्डवरचे बारीक जोड झपाट्याने गंजतात. म्हणजे आपली घाईच कॅमेऱ्याला मारते. आजचा धडा एवढाच आहे, बाकी सगळं त्याच्याच पोटातलं.

पहिली दहा मिनिटं

१. कॅमेरा चालू असेल तर बंद करा, बंद असेल तर बंदच ठेवा. लगेच बॅटरी काढा. भिजलेली बॅटरी पुन्हा वापरू नका, चार्जिंगलाही लावू नका.

२. मेमरी कार्ड काढा. कॅमेरा तुमचा आहे, पण कार्डातलं काम ग्राहकाचं आहे. भिजलेलं कार्ड बहुतेक वेळा वाचतं. ते पुसून एक-दोन दिवस वाळू द्या, मग कार्ड रीडरने उघडा आणि सगळ्यात आधी दोन ठिकाणी कॉपी करा.

३. बॉडीचं तोंड जमिनीकडे ठेवून लेन्स काढा, म्हणजे पाणी सेन्सरकडे न जाता बाहेर येईल. पट्टा काढा, सगळी झाकणं उघडी ठेवा. सुती कापडाने टिपून घ्या. जोरात झटकू नका, पाणी आणखी आत जातं. सेन्सरला हात लावायचा नाही.

पुढचे दोन-तीन दिवस

आधी काही तास पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या भरपूर पुड्या टाकून बॉडी आणि लेन्स वेगवेगळ्या ठेवा. निळे दाणे असतील तर ते गुलाबी झाल्यावर बदला. किमान ४८ ते ७२ तास डब्याला हात लावू नका.

तांदळाचा डबा नको. तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही, उलट त्याची पावडर फटींमध्ये जाऊन बसते. हेअर ड्रायर आणि कडक ऊनही नको, उष्णतेने आतला गोंद आणि प्लास्टिक खराब होतं. आणि स्क्रू काढून घरी उघडायचा तर मुळीच नाही. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असू शकतात.

अलिबाग, तारकर्ली किंवा गोव्याला शूट करणाऱ्यांसाठी वेगळा नियम. खारं पाणी लागलं तर तीन दिवस थांबू नका. पाणी सुकलं तरी मीठ आतच राहतं आणि गंज वाढत जातो. बॅटरी काढून त्याच दिवशी टेक्निशियनकडे न्या आणि समुद्राचं पाणी आहे हे स्पष्ट सांगा. समुद्रात पूर्ण बुडालेला कॅमेरा वाचण्याची आशा कमीच असते, हेही मनात धरून चला.

आता पैशाचं गणित

सुकल्यावर कॅमेरा सुरू झाला तरी लगेच लग्नाच्या ऑर्डरला नेऊ नका. गंज हळूहळू काम करतो. आठवडाभर घरी वापरून बघा, एकदा तपासून घ्या.

दुरुस्तीला देण्याआधी लेखी अंदाज मागा. समजा तशीच सेकंडहँड बॉडी ४०,००० रुपयांना मिळते आणि दुरुस्तीचा अंदाज २५,००० आहे, वर दुरुस्तीची गॅरंटी नाही. मग दुरुस्ती कशाला? माझा साधा नियम: खर्च सेकंडहँड किमतीच्या निम्म्याच्या वर गेला की थांबायचं.

साध्या वॉरंटीत पाण्याचं नुकसान सहसा बसत नाही. विमा असेल तर कॅमेरा उघडण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढून ठेवा.

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगतो. बॉडी गेली. हप्ते सात बाकी होते. पण लेन्स साफ होऊन परत आली आणि कार्ड शाबूत निघालं. त्याच रात्री त्याने नवऱ्या मुलाला फोन करून खरं काय ते सांगितलं, “दादा, कार्ड वाळेपर्यंत दोन दिवस द्या” म्हणाला. फोटो वेळेवर दिले. पुढच्या दोन ऑर्डर भाड्याच्या कॅमेऱ्यावर केल्या. त्या जोडप्याने लग्नाचं कामही त्यालाच दिलं. कॅमेरा बुडाला, धंदा नाही बुडाला.

आजचा गृहपाठ

- कॅमेऱ्याचं बिल आणि सिरीयल नंबर यांचा फोटो आजच ईमेलवर ठेवा.
- जवळचा टेक्निशियन आणि भाड्याने कॅमेरा देणारा, दोघांचे नंबर सेव्ह करा.
- विम्याच्या कागदात पाण्याचं नुकसान धरलंय का ते वाचा.
- बॅगेत रेन कव्हर, दोन सुती रुमाल आणि सिलिका जेल टाका. खर्च एका जेवणाचा.
- दर ऑर्डरमधले थोडे पैसे ‘कॅमेरा फंड’ म्हणून बाजूला काढा.

पाऊस आपल्या हातात नाही, पण बॅटरी काढणं आहे. भेटूया पुढच्या भागात!