बैठकीतला पाठ : बाथरूम दुरुस्त करताना काय निवडायचं?



सुगी संपून हातात थोडे पैसे आले, की गटांमध्ये घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज येऊ लागतात. त्यात हल्ली बाथरूमचे अर्ज बरेच असतात. दहा वर्षांपूर्वी घाईघाईत बांधलेली न्हाणी-संडासं आता गळायला लागलीत, कुठे पत्रा गंजलाय, कुठे दाराचं बिजागर निखळलंय. दुरुस्ती हवीच. अर्जावर सही ताईंची असते, महिन्याचा हप्ताही ताईच भरतात. पण टाइल्सचा रंग दुकानदार सुचवतो, नळ प्लंबर ठरवतो आणि दार कुठल्या बाजूला उघडायचं ते गवंडी ठरवतो. तिथे रोज कपडे धुणारी, पोरांना आंघोळ घालणारी, फरशी घासणारी बाई त्या बोलण्यात चहा देण्यापुरतीच असते.

म्हणून हा पाठ. यातल्या दोनच गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. आधी घरातली माणसं बघायची, मग वस्तू निवडायच्या. आणि पैसा आधी न दिसणाऱ्या कामात घालायचा, चकाकणाऱ्या वस्तूंचा नंबर शेवटी.

१. कागद-पेन घ्या आणि माणसं लिहा

समजा, एका घरात पाच माणसं आहेत. सासूबाई, ताई, त्यांचे मालक, दहावीतली मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. प्रत्येकाच्या नावापुढे त्याची अडचण लिहायची.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, खाली बसलं की उठवत नाही. रात्री दोनदा उठावं लागतं आणि डोळ्यांना कमी दिसतं. मुलीला आतून पक्की कडी हवी, कपडे टांगायला खुंटी हवी, पाळीच्या दिवसांसाठी झाकणाचा डबा हवा. मुलाचा हात नळाला पुरत नाही आणि आतून कडी लावून तो अडकायची भीती. ताईंना वाकून कपडे धुताना कंबर धरते.

झाली यादी. यात रंगीत बेसिन कुठेच आलं नाही, बघा. दुकानात जाताना हीच यादी सोबत घ्यायची. दुकानदार काहीही दाखवो, आपण विचारायचं, "हे यातल्या कुणाच्या उपयोगाचं?"

२. पाणी कुठे जाणार?

सगळ्यात महत्त्वाचं काम फरशीखाली असतं. फरशीला नीट ढाळ नसेल तर पाणी कोपऱ्यात साचतं, शेवाळ धरतं आणि माणूस घसरतो. फुटाला पाव इंच ढाळ असला की पाणी सहज निघून जातं. म्हणजे पाच फूट लांबीच्या न्हाणीत एका टोकापासून जाळीपर्यंत साधारण सव्वा इंच. गवंड्याचं काम चालू असताना, टाइल्स बसवण्याआधी, एक बादली पाणी ओतून बघा. पाणी जाळीकडे न जाता दुसरीकडे थांबलं, तर त्याच दिवशी सांगा. टाइल्स बसल्यावर सांगून उपयोग नाही.

जाळीखाली नहाणी ट्रॅप बसवायला सांगा. त्याच्यात थोडं पाणी कायम राहतं, म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. जाळी उचलून साफ करता येईल अशी घ्या. केस आणि साबणाचा गाळ काढणार आपणच आहोत.

आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी संडासाच्या खड्ड्यात सोडू नका. एवढं पाणी त्याला झेपत नाही, खड्डा लवकर भरतो आणि मैला कुजायचं कामही बिघडतं. हे पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्यायचं. शोषखड्ड्याच्या आधी गाळ अडवायला छोटी टाकी करायची आणि ती अधूनमधून साफ करायची. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव घरोघरच्या शोषखड्ड्यांमुळेच डासमुक्त गाव म्हणून ओळखलं जाऊ लागलं. रोजगार हमीतून शोषखड्ड्याचं काम घेता येतं, त्याची ग्रामपंचायतीत चौकशी करा.

३. फरशी आणि भिंती

चकचकीत टाइल्स दुकानात छान दिसतात, पण ओल्या पायाला आणि साबणाच्या पाण्याला त्या घातक. जमिनीला खरखरीत, अँटी-स्किड टाइल्सच घ्या. दुकानात त्या टाइलवर थोडं पाणी टाकून बोटाने घासून बघा, लाजायचं काही कारण नाही. लहान आकाराच्या टाइल्सना जोड जास्त येतात, त्यामुळे पकड बरी मिळते. बजेट कमी असेल तर खरखरीत शहाबादी फरशीही चांगली टिकते.

भिंतीला छतापर्यंत टाइल्स लागतातच असं नाही. जिथवर पाणी उडतं तिथवर लावा, वर साधा रंग चालतो. वाचलेले पैसे ढाळ, पाइप आणि दारावर घाला.

साफसफाईला अ‍ॅसिड वापरत असाल तर थांबवा. त्याने टाइल्सच्या जोडातलं सिमेंट खराब होतं. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. ब्रश आणि साबणपावडर रोजच्याला पुरते.

४. भारतीय भांडं की कमोड?

हा प्रश्न प्रतिष्ठेचा झालाय. आपण तो गुडघ्याचा आणि पाण्याचा म्हणून बघू.

जास्त उताराचं ग्रामीण पद्धतीचं भांडं दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. कमोडच्या फ्लशच्या टाकीला एका वेळी साधारण सहा लिटर लागतात. पाच माणसांनी दिवसातून एकदा वापरलं तरी दहा लिटरच्या जागी तीस लिटर लागले. वीस लिटर जास्त, म्हणजे रोज निदान एक हंडा जास्त. जिथे नळाला भरपूर पाणी आहे तिथे हरकत नाही. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे घरात एक प्रश्न मोठ्याने विचारा, "तो हंडा कोण आणणार?"

मग सासूबाईंनी काय करायचं? भारतीय भांड्यावर ठेवायची, मधे भोक असलेली कमोड खुर्ची मिळते. त्यांना लागेल तेव्हा ठेवायची, बाकीच्यांना नको तेव्हा उचलायची. खुर्चीच्या पायांना रबर हवं आणि घेण्याआधी त्यांना बसवून बघायचं. कमोडच बसवायचा ठरला, तर आपल्या घरी मैल्याचा पाइप भिंतीतून जातो की जमिनीतून, ते आधी बघा. भिंतीतून जात असेल तर पी-ट्रॅप, जमिनीतून जात असेल तर एस-ट्रॅप लागतो. चुकीचा आणला तर तोडफोड वाढते.

आणखी एक. दोन शोषखड्ड्यांचं शौचालय असेल आणि कुणी म्हणालं, "हे जुनं झालं, सेप्टिक टँक करू," तर लगेच हो म्हणू नका. एक खड्डा भरला की दुसरा चालू करायचा आणि भरलेला निदान वर्षभर, जमलं तर दोन वर्षं बंद ठेवायचा. आतल्या मैल्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. सेप्टिक टँकमधला मैला ओलाच राहतो, तो उपसायला गाडी लागते. टाकीत माणूस उतरवायचा नाही, आतल्या वायूने जीव जातो. शिवाय असं काम माणसाकडून करून घ्यायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. खड्डा विहिरीपासून आणि हातपंपापासून किमान १० मीटर लांब हवा, हेही दुरुस्तीच्या वेळी तपासा.

५. नळ आणि गरम पाणी

नळ घेताना हाताने फिरवून बघा. सांधे दुखणाऱ्या हाताला गोल फिरवायचा नळ जड जातो, दांडीचा नळ मनगटानेही उघडतो. नळाखाली आपली नेहमीची बादली बसेल का, ते माप घेऊनच उंची ठरवा. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने शॉवरची भोकं बुजतात. टाकी छपरापासून फारशी उंच नसेल तर शॉवरला जोरही येत नाही. बादली-तांब्या असेल तर पाणी मापात राहतं.

पाइपवर आयएसआय खूण बघा. गरम पाण्याच्या लाइनला सीपीव्हीसी पाइपच घाला. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो.

आता नीट ऐका. गॅस गिझर बंद न्हाणीत लावायचा नाही. गॅस जळताना आतली हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि ओरडायच्या आत तो कोसळतो. गिझर बाहेरच्या भिंतीला, मोकळ्या हवेत लावा आणि पाणी पाइपने आत आणा. बंबालाही हाच नियम. बंब अंगणात पेटवायचा, थंडी आहे म्हणून आत घ्यायचा नाही.

विजेचा गिझर असेल तर पक्कं अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी बसवून घ्या. गळती झाली की तो वीज तोडतो. बटण न्हाणीच्या बाहेर, कोरड्या हाताच्या जागी हवं. बादलीत रॉड टाकत असाल तर बटण बंद करून, प्लग काढूनच पाण्याला हात लावा. हे मुलांनाही शिकवा.

६. दार, उजेड आणि आधार

दार बाहेर उघडणारं करा. आत कुणी चक्कर येऊन पडलं, तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाने अडतं. आतून पक्की, पण गरज पडली तर बाहेरून उघडता येईल अशी कडी मिळते, ती मागा. पाणी लागून प्लायवूड फुगतं आणि पत्रा गंजतो. पीव्हीसी किंवा फायबरचं दार जास्त टिकतं. घरात चाकाची खुर्ची असेल तर दार तीन फूट रुंद ठेवा.

खिडकी नजरेच्या वर, जाळीची असावी. आत हवा यावी, बाहेरून नजर येऊ नये. संडास अंगणात असेल तर घरापासून तिथपर्यंतच्या वाटेवरही दिवा हवा. काळोखामुळे रात्री जायला नको, म्हणून संध्याकाळपासून पाणी न पिणाऱ्या बायका आपल्याच गटांत आहेत. एका दिव्याने तेवढं तरी थांबेल.

आधाराचा दांडा टाइल्स बसवण्याआधी ठरवा, म्हणजे तो भिंतीत पक्का रोवता येतो. टॉवेलचा दांडा आधाराला चालत नाही, वजन पडलं की तो उपटून येतो. मुठीत मावेल असा साधारण सव्वा ते दीड इंच जाडीचा पाइप घ्या. उंची फुटपट्टीने ठरवू नका. सासूबाईंना तिथे बसवा, उठायला सांगा, त्यांचा हात जिथे जाईल तिथे खूण करा.

मुलीसाठी दोन खुंट्या, एक फळी आणि झाकणाचा डबा. पॅड भांड्यात टाकलं तर पाइप तुंबतो. कापड वापरणाऱ्या असतील तर ते उन्हात वाळवायला जागा हवी, कोपऱ्यात दडवून नाही. आणि ताईंच्या कमरेसाठी कपडे धुवायचा दगड थोडा उंच करून घ्या, गवंडी आलेलाच आहे.

७. हिशोब

समजा, गटातून ३०,००० रुपये कर्ज घेतलं. महिना १ टक्का व्याज, राहिलेल्या मुदलावर, मुदत २० महिने. पहिला हप्ता १,५०० मुद्दल आणि ३०० व्याज, असे १,८०० रुपये. पुढे व्याज दर महिन्याला १५ रुपयांनी उतरतं. एकूण व्याज ३,१५० रुपये. आता दुकानात भुलून ८,००० च्या वस्तू वाढवल्या, तर पहिलाच हप्ता ४८० रुपयांनी वाढतो आणि त्या वस्तू शेवटी ८,८४० ला पडतात. रागवायचं नाही, फक्त बेरीज करून घरात सगळ्यांना दाखवायची.

स्वच्छ भारत मिशनमधून पात्र कुटुंबाला १२,००० रुपये मिळतात, ते नवीन शौचालयासाठी. एकदा लाभ घेतला असेल तर दुरुस्तीसाठी तेच पैसे पुन्हा मिळतील असं धरून बजेट करू नका.

पैसे कमी पडले तर क्रम असा ठेवा. पहिलं ढाळ, पाइप आणि ट्रॅप. दुसरं दार, कडी, दिवा आणि अर्थिंग. तिसरं खरखरीत फरशी आणि आधाराचा दांडा. चौथं नळ. भिंतीच्या टाइल्स, आरसा आणि बेसिन पुढच्या वर्षी आले तरी कुणाचं अडत नाही.

बैठकीत चर्चेसाठी

• आपल्या घरात न्हाणी-संडासाची सगळ्यात जास्त अडचण कुणाला होते? त्या माणसाला आपण कधी विचारलं का?
• आपल्या गावात कुणाच्या बंद न्हाणीत गॅस गिझर आहे का? त्या घरी जाऊन कोण बोलणार?
• पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरातल्या माणसांची यादी करून आणायची. लिहिता येत नसेल त्यांनी मुलीला किंवा शेजारणीला सांगून लिहून घ्यावी.

ज्या ताईंचा अर्ज मंजूर झालाय, त्यांनी गवंड्याला विसार द्यायच्या आधी ही यादी गटात वाचून दाखवावी. दहा जणींच्या डोळ्यांना एखादी सुटलेली गोष्ट नक्की दिसेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक