थांबे उभे कराल, पण पाखरं कुठून येतील?

हरभऱ्याची पेरणी उरकत आली की कृषी सल्ल्यात एक ओळ हमखास येते: घाटेअळीसाठी एकरी वीसेक पक्षिथांबे लावा. सल्ला अगदी योग्य आहे. पण त्या थांब्यांवर बसायला कोतवाल, साळुंकी, नीलपंख शिवारात असावे लागतात. नीलपंख, म्हणजे आपला चाष, देशभरात झपाट्याने कमी होत असल्याची नोंद 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात आहे. त्याच अहवालात मोर आणि कबुतरं मात्र वाढलेली दिसतात. म्हणून ‘पाखरं तर दिसतात की’ या समाधानावर राहू नका. कोणती दिसतात ते बघा.

पाखरं कमी होण्याचं पहिलं कारण उपासमारीचं. चिमणी आणि सुगरण दाणे खातात हे खरं, पण त्यांची पिल्लं वाढतात ती अळ्या आणि मऊ किड्यांवर. किडीची पाहणी न करता ठरल्या तारखेला फवारणी केली, की पिल्लांच्या तोंडचा घासच जातो. म्हणून यंदा आधी ओळीत बसून अळ्या मोजा. मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसेपर्यंत रासायनिक औषधाला हात लावू नका. फुलोऱ्याच्या सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क आणि लहान अळ्या दिसताच संध्याकाळी एचएएनपीव्ही विषाणूची फवारणी, एवढ्यावर पुष्कळदा भागतं. थांबे पिकाच्या वर फूटभर ठेवा. पेरताना ज्वारीचे थोडे दाणे मिसळले असतील, तर ती ताटंच थांब्याचं काम करतात.

दुसरं कारण विषाचं. बीजप्रक्रिया केलेलं उरलंसुरलं बियाणं बांधावर ओतू नका, सांडलेलं मातीआड करा. होले आणि पारवे तेच वेचतात. उंदरांसाठी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या वापरत असाल, तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. ते विष उंदरावाटे गव्हाणी घुबडाच्या आणि पिंगळ्याच्या पोटात जातं. रात्रभर फुकट उंदीर मारणारा राखणदार आपणच मारावा, हे मला फार जिव्हारी लागतं.

निवाऱ्याचं दुखणं सर्वांत जुनं, आणि त्याकडे लक्षही सर्वांत कमी. यंत्राने बांध कोरून पिकाच्या दोन ओळी वाढवल्या, त्यात बाभूळ, बोर, घाणेरी सगळं गेलं. विहिरीवर झुकलेली काटेरी फांदी सुगरणीला हवी असते. नीलपंख आणि हुदहुद वाळल्या खोडाच्या ढोलीत अंडी घालतात. चाषाची वीण उन्हाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. तेव्हा सरपणासाठी वठलेलं झाड पाडायचंच असेल, तर आधी ढोली तपासा, आणि जमलं तर ते खोड तसंच राहू द्या.

द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत बारीक नायलॉनची जाळी ढिली सोडू नका, पाखरं अडकून मरतात. ताणून बांधा, दिवसातून दोनदा फेरी मारा आणि हंगाम संपताच गुंडाळून ठेवा.