जुन्या मालमोटारीच्या हीटरला बंद करण्याचा व्हॉल्व्ह बसवावा काय?

शेतमाल बाजारपेठेत पोचविण्यासाठी पुष्कळ शेतकरी जुनी मालमोटार अथवा पिकअप वापरतात. अशा गाडीस हीटर असेल, तर उन्हाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. हीटर बंद केला तरी चालकाच्या पायांशी गरम हवा येतच राहते. विदर्भात व मराठवाड्यात बाहेरचे तापमान ४२ अंश सेल्सियसच्या वर गेलेले असताना ही केवळ गैरसोय राहत नाही. भर दुपारी माल भरून चार-पाच तास गाडी चालविणाऱ्यास ग्लानी येते, त्याचे लक्ष ढळते व अपघाताचा संभव वाढतो. म्हणून हीटरकडे जाणारे पाणी अडविणारा व्हॉल्व्ह बसवावा, असा सल्ला मिस्त्री देतात. हा सल्ला पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत योग्य ठरतो. परंतु काही गाड्यांच्या बाबतीत तो इंजिनाच्याच मुळावर येतो. तेव्हा खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी समजून घेणे अगत्याचे आहे.

हीटरचे कार्य

चालत्या इंजिनातील पाण्याचे तापमान साधारणतः ८० ते ९० अंश असते. त्यातील थोडे पाणी एका अरुंद रबरी नळीने चालकाच्या पुढील पेटीतील लहान रेडिएटरमध्ये जाते व दुसऱ्या नळीने पाण्याच्या पंपाकडे परत येते. हीटरचे दोन प्रकार आढळतात. एकात दांडी फिरविली की मूळचाच व्हॉल्व्ह पाणी अडवितो. दुसऱ्यात पाणी बारमाही वाहत असते व केवळ हवेची झडप फिरवून उष्णता आत घेतली किंवा टाळली जाते. या दुसऱ्या प्रकारात झडपेच्या कडेचा स्पंज झिजला की गरम हवा फटीतून आत शिरते.

उष्णतेचे मूळ प्रथम शोधावे

प्रत्येक वेळी दोष हीटरचाच असतो असे नाही. फरशीची भोके, गिअरच्या दांडीभोवतालचे फाटलेले रबर व इंजिनाकडील पत्र्यातील उघड्या फटी यांतूनही इंजिनाची उष्णता आत येते. त्या आधी बुजवाव्यात. नंतर हवेची झडप पूर्ण मिटते काय, तिची तार सैल झाली आहे काय, हे पाहावे. मूळचा व्हॉल्व्ह असल्यास तो जाम झाला आहे काय, हेही तपासावे. तार ताणून किंवा नवा स्पंज लावून काम भागत असेल, तर अधिक खर्च करू नये.

एवढ्यानेही गुण न आल्यास एक सोपी परीक्षा करावी. इंजिन पूर्ण थंड असताना हीटरच्या दोन्ही नळ्या पेटीपासून सोडवाव्यात व योग्य जाडीच्या धातूच्या नळीच्या तुकड्याने त्या एकमेकींस जोडून क्लिपा आवळाव्यात. पाण्याची पातळी भरून घेऊन गाडी एक दिवस चालवावी. आतील उष्णता स्पष्टपणे कमी झाली, तर व्हॉल्व्हचा उपयोग होईल. फरक पडला नाही, तर व्हॉल्व्ह बसवूनही पडणार नाही.

निर्णायक प्रश्न

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट मिटलेला असतो व मोठ्या रेडिएटरकडील वाट बंद असते. या अवधीतही पंपाने ढकललेले पाणी इंजिनात फिरत राहावे, म्हणून परतीची एक पर्यायी वाट ठेवलेली असते. पुष्कळ इंजिनांत ती स्वतंत्र असते : थर्मोस्टॅटच्या घरापासून पंपाकडे जाणारी आखूड नळी अथवा आतील छिद्र. काही इंजिनांत मात्र हीटरच्या नळ्या हीच ती वाट असते. तेथे साधा व्हॉल्व्ह बसवून तो मिटला, की पाण्याचे फिरणे थांबते. गरम पाणी थर्मोस्टॅटपर्यंत वेळेवर पोचत नाही व तो उशिरा उघडतो. तोवर सिलिंडर हेडचा काही भाग अवाजवी तापतो. हेड वाकणे किंवा गॅस्केट जळणे हा त्याचा परिणाम होय, व त्या दुरुस्तीचा खर्च व्हॉल्व्हच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

स्वतंत्र वाट आहे अशी खात्री असेल, तरच दोन तोंडांचा साधा व्हॉल्व्ह वापरावा. ती नसेल किंवा शंका असेल, तर चार तोंडांचा व्हॉल्व्ह घ्यावा. तो मिटला म्हणजे पाणी अडत नाही. ते पेटीत न जाता लगेच परतीच्या नळीत वळते.

निवड व जोडणी

ठिबक संचाचा किंवा घरगुती नळाचा पीव्हीसी व्हॉल्व्ह कदापि वापरू नये. ६० अंशांपुढे पीव्हीसी भरवशाचे राहत नाही. ते नरम पडून फुटते व उकळते पाणी उडते. पितळी किंवा मोटारीसाठीच बनविलेला व्हॉल्व्ह घ्यावा. त्याची तोंडे रबरी नळीच्या आतील व्यासास जुळणारी असावीत. साधा व्हॉल्व्ह पाणी आत नेणाऱ्या नळीवर बसवावा. हीटरचा पंखा चालू असताना दोन नळ्यांपैकी जी अधिक गरम, ती आत नेणारी होय. व्हॉल्व्ह सायलेन्सरच्या तापणाऱ्या भागांपासून दूर असावा व त्याचा भार नळीवर लोंबकळू नये. तडे गेलेली नळी त्याच वेळी बदलावी.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाबाखालील पाणी उसळून चेहरा व हात भाजतात. काढलेले कूलंट अंगणात सांडू नये. त्यातील ग्लायकॉल गोड परंतु विषारी असते व ते चाटल्याने जनावरे दगावू शकतात. जोडणीनंतर व्हॉल्व्ह उघडा ठेवून इंजिन चालू करावे, अडकलेली हवा निघू द्यावी आणि इंजिन निवल्यावर पातळी पुन्हा भरावी.

व्हॉल्व्ह बसविल्यानंतर

महिन्यातून एकदा तो उघडून पाणी खेळू द्यावे. अन्यथा व्हॉल्व्ह जाम होतो व पेटीत गाळ साचतो.  चढणीवर इंजिन तापू लागल्यास व्हॉल्व्ह उघडून हीटर व पंखा पूर्ण चालू करावा. त्यामुळे इंजिनाची काही उष्णता बाहेर पडते व गाडी सुरक्षित जागी उभी करण्यास अवधी मिळतो. पावसाळ्यात कसारा घाटासारख्या वाटेवर काचेवरील धुके घालविण्यासाठी, तसेच निफाडकडील हिवाळी पहाटे हीटर लागतोच. तेथे नळ्या कायमच्या जोडून टाकण्यापेक्षा व्हॉल्व्ह बरा. जेथे हीटरची गरज कधीच पडत नाही, तेथे मात्र परीक्षेसाठी केलेली जोडणीच उत्तम क्लिपा लावून कायम ठेवावी. ती स्वस्त असून पाण्याची वाटही अडवीत नाही.

सारांश, प्रथम फटी, तार व झडप दुरुस्त करावी, नंतर नळ्या जोडून परीक्षा घ्यावी, आणि इंजिनातील पाण्याची पर्यायी वाट निश्चित कळल्यावरच व्हॉल्व्हची निवड करावी. चालकास गारवा मिळावा व इंजिनाचेही पाणी खेळते राहावे, अशीच जोडणी हितकारक होय.