साभार परत

कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला टेबल लावून मी गेली बावीस वर्षं लिहितेय. खिडकीसमोर उंबर, त्यापलीकडे वेताळ टेकडीचा उतार. संपादकांनी आजवर माझं जेवढं लेखन परत पाठवलं नसेल, तेवढं या खिडकीनं पाठवलंय. त्यातलं थोडं, आठवेल तसं.

१. माझ्या कानांवर माझा फार विश्वास होता. एका दिवाळी अंकातल्या लेखात मी पहाटे चारला उंबरावर आर्त गाणारी कोकिळा रंगवली होती. चांगली पानभर, विरहिणीबिरहिणी करून. पंधरा दिवसांनी वाईहून एका निवृत्त शिक्षकांचं पोस्टकार्ड आलं. ‘ताई, लेख आवडला. मात्र गातो तो नर. काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपके. ती नुसतं किक्-किक् करते आणि अंडी कावळ्याच्या घरट्यात घालून मोकळी होते. कळावे.’ पत्राच्या शेवटचं ‘कळावे’ इतकं शब्दशः मला कधीच लागलं नव्हतं. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे ती ठिपक्यांची बाई मी त्याच झाडावर कितीदा तरी पाहिली होती आणि दुसराच कुणी पक्षी समजून सोडून दिली होती. विरहिणी समोर बसून उंबरं खात होती आणि मी डोळे मिटून तिचं दुःख लिहीत होते.

२. आपल्याला शब्द येतात, हा लेखकाचा सगळ्यात लाडका गैरसमज. एकदा कुंपणालगत काळ्या अंगाचा, विटकरी पंखांचा एक पक्षी पाटलाच्या रुबाबात चालत गेला. मी कपाटातून पुस्तक काढून पानं उलटतेय, तोवर भांडी घासता घासता मावशी डोकावल्या. “कुकुडकोंबा हाय त्यो. कुंभारकावळा पण म्हणत्यात. तुमच्यात काय म्हणत्यात?” म्हटलं, भारद्वाज. “अगं बया, पार ऋषीच केला की त्याचा!” मारुती चितमपल्ली वन खात्याची नोकरी करता करता रानातल्या माणसांकडून असे शब्द वेचत राहिले. त्यांना त्यासाठी नवेगावबांधपर्यंत जावं लागलं. मला फक्त ओट्यापर्यंत जायचं होतं, आणि दहा वर्षांत मी गेले नव्हते.

३. शकुनावर माझा विश्वास नाही. म्हणजे, नाही असं मी चारचौघांत सांगते. भारद्वाज दिसला की मात्र काम होतं, हे आजीनं लहानपणी इतक्यांदा सांगितलंय की तो दिसल्यावर मी हातातलं पाकीट त्याच दिवशी पोस्टात टाकते. एका वर्षी गॅलरीतल्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलांनी घरटं केलं होतं. गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची तीन अंडी. आम्ही गॅलरीत कपडे वाळत घालणं बंद केलं. कुंड्यांना पाणी घालायचं तर मी मांजरासारखी पावलं टाकत जायची. ह्यांनी तर वर्तमानपत्राची घडीसुद्धा आवाज न करता उलगडायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी पिल्लं निघाली. नुसत्या चोची आणि भूक.

मग एका सकाळी कठड्यालगत, अगदी हाताच्या अंतरावर, भारद्वाज. मी हरखले. कथेचं पाकीट घेतलं, चपला सरकवल्या, पोस्टात गेले. परतले तेव्हा बुलबुलांची जोडी तारेवर बसून गळा फाटेस्तोवर ओरडत होती आणि घरटं रिकामं होतं. भारद्वाज उडण्यात बेताचा, पण वेलीझुडपांतून चढण्यात पटाईत. दुसऱ्यांची अंडी-पिल्लं हा त्याचा नेहमीचा खुराक. पुस्तकात ते लिहिलेलं होतं. नावाच्या पुढच्या ओळी मी वाचल्या नव्हत्या, इतकंच.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. कथा स्वीकारली गेली. मानधनाचा चेक आला तेव्हा मी तो दोन दिवस टेबलावर उपडा ठेवला होता. तिसऱ्या दिवशी भरला, तेही सांगायला हवं.

४. पाल ही अत्यंत वक्तशीर समीक्षक आहे. ट्यूबलाइटमागे राहते. मी नवा मजकूर ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लागले की नेमकी चुकचुकते. ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची सवय मी सोडली. आता ती जिथे चुकचुकते ते वाक्य पुन्हा बघते. दहातल्या सात वेळा विशेषण जास्त झालेलं असतं.

५. आपण काय वापरत नाही, ते कुंभारीण माशीला आधी कळतं. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. तिचं पुनर्मुद्रण माझ्या मांडणीवर मोठ्या तोऱ्यात उभं असतं, आल्यागेल्याला दिसेल असं. मे महिन्यात खोलीत बारीक गुणगुण यायची. मला वाटलं, पंख्याचं बेअरिंग. एक दिवस शब्द अडला, कोश ओढला तर तो शेजारच्या पुस्तकाला चिखलानं चिकटलेला. कण्यावर बोटभर लांब मातीची खोली. फोडली तर आत छोटे छोटे कोळी, नांगी मारून सुन्न केलेले, होऊ घातलेल्या बाळाची शिदोरी. ओल्या मातीचा एकेक गोळा आणून ती थापायची, आणि थापताना गुणगुणायची. मी चार हातांवर बसून ‘लेखनात सातत्य हवं’ या विषयावरचं भाषण तयार करत होते.

६. कोंडून घेतल्याशिवाय मोठं काम होत नाही, असं मी घरात बरेच दिवस ऐकवत होते. दाखला टेकडीवरच्या राखी धनेशाचा. मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, विष्ठा आणि मातीनं तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते. आत पंखांची पिसंही झडतात. नर बाहेरून उंबरं-वडाची फळं गळ्यात भरून आणतो आणि फटीतून एकेक भरवतो. मी कादंबरी घेतली तेव्हा हे सगळं साग्रसंगीत सांगून खोलीचं दार लावून घेतलं.

चौथ्या दिवशी दारावर टकटक झाली. “अगं, फट जरा मोठी कर,” हे बाहेरून म्हणाले, “कपबशी आत येत नाहीये. आणि कादंबरीचं कितवं पान?”

कपबशी घेण्यापुरतं दार उघडलं.