जुनी स्टॉर्म घेतलीस, आता बोल्टांचं ऐक

बाळा, गोव्यात बनलेली जुनी सॅन स्टॉर्म घेतलीस हे कळलं आणि फार आनंद झाला. आपल्या मुलखात तयार झालेल्या स्पोर्ट्स गाड्या मोजक्याच. गोव्याची ही स्टॉर्म, अलिबागची चिंकारा रोडस्टर, अशी नावं बोटावर मोजावीत. स्टॉर्मचं रेनॉचं १,१४९ सीसीचं इंजिन बघायला सगळे जमतात, गाडीखाली आडवं होऊन बोल्ट मात्र कोणी मोजत नाही. पुढचं चाक टकटक वाजतं आणि त्याच्या सस्पेन्शनच्या आर्मचा एक बोल्ट जागेवरच नाही, हे तू फोनवर हसत सांगितलंस. हौशी आहेस, हात चालतो तुझा, म्हणून लिहून पाठवतोय. इकडे आमच्याकडे हळ्ळीखेडला निघायच्या आधी वाच.

१. बोल्ट नाही हे दिसलं तिथंच गाडी थांबव, पुढं टेम्पोत घालून आण — आर्म सुटला तर चाक भलतीकडे वळतं, आणि स्टिअरिंग हातात असूनही गाडी तुझी राहत नाही.

२. नवा बोल्ट आणण्याआधी जुना का गेला ते शोध. बोल्ट आपणहून जात नाही, त्याची पकड आधी जाते — भोक मोठं झालंय, बुश फाटलाय की नट जुनाच परत लावला होता, हे कळल्याशिवाय नवाही त्याच वाटेनं जाईल.

३. आपल्या बिदरकडच्या तांबड्या मातीनं फसू नकोस. सगळे बोल्ट ओल्या फडक्यानं पुसून गाडी थोडी फिरव आणि परत बघ — धूळ सगळीकडे सारखी बसते, पण ढिल्या बोल्टच्या वायसरखालून गंजाची बारीक तांबडी पूड निघते, आणि तिच्या शेजारी घासलेलं लोखंड चकचकीत दिसतं.

४. जॅक उचलायला, घोडी झोपायला. सपाट जागी, दुसऱ्या टोकाच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावून, घोड्या चेसिसखाली ठेव आणि गाडी हलवून बघ, मगच खाली शिर — तिचं अंग फायबरचं आहे, चुकीच्या जागी टेकवलंस तर तडकेल आणि वजनही पेलणार नाही.

५. एका वेळी एकच बाजू उघड — दुसरी बाजू तुझा नमुना आहे. पण त्या नमुन्यावरही डोळे झाकून विश्वास नको, आधीच्या मालकानं तिकडेही हाताला लागला तो बोल्ट ठोकलेला असू शकतो.

६. काढण्याआधी बोल्टच्या डोक्याची आणि वायसरची जागा खुणेनं आखून ठेव, मोबाईलवर फोटोही काढ — काही गाड्यांत चाकाचा कल याच बोल्टवर बसवलेला असतो.

७. गंजून बसलेल्या बोल्टला गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेव, सकाळी पुन्हा मार, मग रिंग पाना लाव. गॅसची ज्योत जवळ आणू देऊ नकोस, मिस्त्री कितीही म्हणू दे — रबरी बुश, ब्रेकचे पाइप, पेट्रोल आणि फायबरचं अंग, सगळं हातभर अंतरावर आहे.

८. आता खरेदी. किलोवर मिळणाऱ्या नट-बोल्टच्या पिंपात हात घालू नकोस — तिथं माप जुळतं, ताकद जुळत नाही.

९. डोक्यावरचा आकडा वाच. ८.८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ८०० न्यूटन ताण सोसून तुटणारा, आणि त्याच्या ८० टक्क्यांवर कायमचा ताणला जाणारा, १०.९ त्याहून वरचा — काढलास त्याच दर्जाचा घे, डोकं कोरं असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पड.

१०. १२.९ आणून जास्तीचं शहाणपण नको, स्टेनलेसची चमकही नको — फार कडक बोल्ट वाकण्याऐवजी तुटण्याकडे झुकतो, आणि बाजारात नेहमी मिळणारं ए२-७० स्टेनलेस ८.८ च्याही खाली राहतं.

११. जाडी सारखी म्हणून आटेही सारखेच असं धरू नकोस. १० मिलिमीटरचा बोल्ट १.५ च्या आट्यात मिळतो तसा १.२५ च्याही — दोन वळणांत जड जायला लागला तर तो तुझा बोल्ट नव्हे.

१२. लांबीबरोबर बिनआट्याचा गुळगुळीत भागही मोज. आर्म आणि ब्रॅकेट जिथं भेटतात तिथं हा भाग आला पाहिजे — आटे तिथं आले तर तेच भोक खात बसतात, आणि बोल्टही तिथंच मोडतो.

१३. भोक लांबट झालं असेल तर जाड वायसर घालून झाकू नकोस, चांगल्या फॅब्रिकेटरकडून ब्रॅकेट नीट करून घे — झाकलेलं भोक रस्त्यात उघडं पडतं.

१४. आटे ब्रशनं घासून कोरडे कर. तेल-ग्रीस लावायचं की नाही हे मॅन्युअल सांगेल तसंच — आवळण्याचा बहुतेक जोर घर्षणात जातो, तेल लागलं की तोच जोर बोल्टला भलताच ताणतो.

१५. पहिले चार आटे बोटांचे, उरलेले पान्याचे — वाकडा शिरलेला बोल्ट बोटांना कळतो, लांब पान्याला कळत नाही.

इथं जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथंच आहे. बैलगाडीच्या आखाच्या टोकाला खीळ असते, ती नुसती अडकून राहते. सस्पेन्शनचा बोल्ट तसा नव्हे. तो आवळला की किंचित ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीनं दोन पत्रे असे घट्ट दाबले जातात की ते एकमेकांवर घसरत नाहीत. दाब आहे तोवर खड्ड्याचा मार पत्रे वाटून घेतात. दाब गेला की तोच मार एकट्या बोल्टवर पडतो, आणि तुला टकटक ऐकू येते.

१६. म्हणून टॉर्क रेंच वापर, कोणाचाही मागून आण. ८.८ चा १० मिलिमीटरचा बोल्ट साधारण पन्नास न्यूटन-मीटरच्या आसपास, १२ चा ऐंशी-पंच्याऐंशीच्या आसपास आवळतात, पण तुझ्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधला — अंगातल्या जोरावर आवळलेला बोल्ट एकतर ढिला राहतो नाहीतर ताणून मरतो.

१७. रबरी बुशचे बोल्ट आधी हलके लाव, गाडी चाकांवर उतरव, दोनचार वेळा दाबून बसव, मग शेवटचं आवळ — हवेत लटकत्या आर्मवर आवळलेस तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. खाली शिरायला जागा नसेल तर दोन्ही चाकं सारख्या उंचीच्या भक्कम रॅम्पवर घे.

१८. नायलॉनचं कडं असलेला नट दर वेळी नवा. खाचांचा नट असेल तर पिनेचं भोक जुळवायला मागं फिरवू नकोस, पुढच्या खाचेपर्यंत आवळ, पिनही नवीच — दोन रुपयांची काटकसर चाकाच्या बोल्टवर करत नाहीत.

१९. झालं की बोल्ट आणि नटावरून ब्रॅकेटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढ — पुढच्या वेळी पाना न लावता, नुसत्या बॅटरीच्या उजेडात कळेल कोण हललं ते.

२०. बिदरला एक फेरी मारून ये आणि त्याच आकड्यावर रेंच परत लावून बघ, आधी ढिलं न करता — नवा जोड पहिल्या फेरीत बसतो. मग अलाइनमेंट करून घे.

२१. गाळपाच्या हंगामात आलास तर हुमनाबादहून इकडे संध्याकाळी नको, सकाळी नीघ. उसाच्या ट्रॉल्यांना चुकवताना चाक कडेच्या खड्ड्यात जातं, आणि तुझी गाडी जमिनीला फार जवळ आहे. तसा एखादा दणका बसला तर घरी पोचल्यावर रेघा बघ.

२२. काढलेला बोल्ट फेकू नकोस. चिठ्ठी बांधून, जागा, माप आणि आकडा लिहून डब्यात ठेव — या गाडीचे सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत, आणि आटे मोजायला तो बोल्ट परत लागेल. डबा नसेल तर मामीकडे बिस्किटांचा रिकामा आहे, आलास की घेऊन जा.